एन्टिस कांगचा डावा पाय

एन्टिस कांग माझ्याकडं आले की आधी जिन्याला शिव्या घालतात. परवा वर पोचले आणि माझं नाव घेऊन म्हणाले, "दिकदिक, वरच्या मजल्यावर स्टुडिओ काढायचं डोकं कुणाचं? तुझ्याकडं काय बकऱ्या येतात गायला?" मग खुर्चीत बसले, डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून पाय सरळ केला आणि दम खाल्ला.

हल्ली आम्हा दोघांनाही दम लवकर लागतो. आमच्या उजुंगबरुंगमध्ये एके काळी गल्लीगल्लीत मेटल संगीताचे बँड निघाले होते. त्यातली पोरं आता टक्कल पडलेले बाप झाली आहेत. आमचा बँड मात्र सव्वीस वर्षं टिकला. मी गिटार वाजवतो, कांग ड्रम. ते माझ्याहून सात वर्षांनी मोठे, म्हणून कांग, म्हणजे दादा. पोटासाठी ते चिचाहेउम ते चिलेउन्यी वडापची गाडी चालवतात, तेही बँडच्या आधीपासून.

मेटलच्या ड्रमरला दोन पेडल असतात. दोन्ही पायांनी मोठा ढोल बडवायचा, तोही असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या हलल्या पाहिजेत. गेल्या वर्षी डॉक्टरांनी कांगना सांगितलं, डाव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे. गाडीचा क्लच सोडा, नाहीतर हे ढोल सोडा. त्यांची बायको तेह इमास दवाखान्याच्या दारातच म्हणाली, "आपल्याकडं भात कशावर शिजतो ते मला माहीत आहे." ड्रमचा विषय तिथंच संपला.

पण आमच्या नव्या अल्बममधलं एक गाणं रेकॉर्ड करायचं राहिलं होतं. सहा मिनिटांचं, आणि सगळंच दोन पेडलांवरचं. दुसरा ड्रमर आणायला कुणाचंच मन होईना. शेवटी मी म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये ड्रम आहेत, त्यावर कांगचं वाजवणं बसवतो. कांग नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "ऐकताना मला मी वाटलो, तर लाव माझं नाव. नाही वाटलो, तर ड्रमरच्या पुढची जागा कोरी सोड. खोटं नाव नको."

सव्वीस वर्षं ज्या जागेवर त्यांचं नाव होतं ती कोरी छापायची, ही कल्पनाच मला सहन होईना. म्हणून तीन आठवडे मी त्या कॉम्प्युटरशी झटलो.

यात प्रत्येक ठोका म्हणजे पडद्यावरची एक चौकट. ती कुठं बसवायची आणि ठोका किती जोराचा, हे आपण सांगायचं. नवशिका करतो तेच मी आधी केलं. दोन्ही पाय एकाच ढोलाच्या एकाच आवाजाला जोडले. सगळे ठोके इतके सारखे पडले की खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीनं विचारलं, वर तुम्हीही मशीन घेतलंत का. मग दोन ओळी केल्या, एक उजव्या पायाची, एक डाव्याची. दोघांना वेगवेगळे आवाज दिले. माणसाचा डावा पाय कच्चा असतो, म्हणून डाव्याचे ठोके थोडे हलके केले आणि केसभर उशिरा सरकवले. एकेक ठोका, माउस धरून. मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले. पण झालं तेव्हा मला वाटलं, जमलं.

परवा तेच ऐकवायला मी त्यांना बोलावलं होतं. कांगनी डोळे मिटून मिनिटभर ऐकलं.

"बरं वाजवतोय," ते म्हणाले. "कोण आहे हा?"

"तुम्हीच की, कांग."

"मी कुठला? हा कुणीतरी क्लासला जाऊन शिकलेला आहे. याचा उजवा पाय बघ, केवढा मिजासखोर."

"सगळ्यांचा उजवाच जड असतो. पुस्तकातसुद्धा तसंच दिलंय."

"पुस्तकवाला उजुंगबरुंगच्या बाजारातनं गाडी काढतो का सकाळची?" कांगनी डोळे उघडले. "तिथं अर्धा अर्धा तास क्लच दाबून बसावं लागतं. माझा उजवा पाय नुसता गॅसवर ठेवलेला असतो, जावयासारखा. राबतो तो डावा. ड्रमलाही पहिला ठोका त्याचाच, आणि जोरही त्याचाच. सव्वीस वर्षं माझ्यापुढं उभा राहून वाजवलंस, एकदा मागं वळून बघितलं असतंस तर दिसलं असतं."

मला लाजही वाटली आणि रागही आला. "मग आधी सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस?"

मी दोन्ही ओळींची अदलाबदल केली. तीन आठवड्यांचं काम, आणि चूक दुरुस्त व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुन्हा लावलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. हाच तो आवाज, सव्वीस वर्षं माझ्या पाठीवर आदळलेला. कांगच्या दोन्ही टाचा फरशीवर हलायला लागल्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण पाय मात्र खूश दिसत होते. मी मनात त्यांचं नाव छापूनही टाकलं.

चौथ्या मिनिटाला त्यांचे पाय थांबले. गाणं पुढं चाललंच होतं.

"बंद कर," ते म्हणाले. "इथून पुढचं खोटं आहे."

"आता काय राहिलं?"

"सुबांगच्या कार्यक्रमात आपण हेच गाणं वाजवलं, शेवटचं. आठवतंय? चौथ्या मिनिटाला डावा पाय गेला. मेल्यासारखा. उचलताच येईना. पुढचं सगळं मी एकट्या उजव्यावर काढलं."

मला आठवलं. आठवलं ते असं, की त्या दिवशी स्टेजवरून उतरल्यावर मी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालो होतो, "कांग, शेवट मोकळा केलात, झकास वाटलं." ते पाणी प्यायला निघून गेले होते.

"ते कशाला ठेवायचं?" मी म्हटलं. "हे मशीन आहे, कांग. दमत नाही. सहाच्या सहा मिनिटं तुमचा डावा पाय चालेल, कायमचा."

"ज्याचा चालेल त्याचं नाव लाव मग."

मी चौथ्या मिनिटापासून शेवटपर्यंतची डाव्या पायाची ओळ निवडली. सगळ्या चौकटी निळ्या झाल्या. पुसायचं बटण समोर होतं, पण माझं बोट जाईना. कांगनीच हात पुढं केला आणि ते दाबलं.

मग आम्ही गाणं पहिल्यापासून ऐकलं. चौथ्या मिनिटाला डावा थांबला. एकटा उजवा, हलक्या ठोक्याचा, मधली मधली जागा तशीच मोकळी टाकत शेवटपर्यंत गेला. मला रडू आवरेना.

"हं," कांग म्हणाले. "आता लाव नाव."

बाहेर असरची, दुपारनंतरच्या नमाजाची, बांग झाली. खुर्चीचे हात धरून ते उठले. नमाजानंतरची वडापची पाळी त्यांची होती, आणि डावा पाय त्यांना रात्री नऊपर्यंत लागणार होता.