मनोऱ्याचे दोनशे बारा फोटो

आमच्या घरी समुद्राचं वेड मला एकटीलाच आहे. तंजावरहून समुद्र दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, आणि आत्याच्या मते त्याची गरजही नाही. कावेरी आहे की. आठवडाभर मी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. रविवारी पहाटे उठते, खांद्यावर ट्रायपॉड टाकते आणि पूर्वेकडे जाणारी पहिली बस पकडते. तरंगमबाडीचा किल्ला, कोडिकरैचं दीपगृह, नागपट्टणमच्या होड्या, जिथं म्हणून जमीन संपते तिथं मी जाऊन उभी राहते. माझी अट एकच, माझ्या आणि समुद्राच्या मध्ये कुणी यायचं नाही.

हे फोटो घरी दाखवणं म्हणजे आपल्या हातानं अपमान ओढवून घेणं. आत्या चष्मा लावून, फोन नाकाशी धरून पाहते. पाहते कसली, शोधते.

"ह्यांत कोणी नाहीं," शेवटी ती म्हणते.

"समुद्र आहे की, आत्या."

"तो असणारच. त्याच्या पुढें कोण उभें राहिलें तें विचारतें."

आमच्यात फोटो माणसाचा काढतात. साडी नीट करायची, सरळ उभं राहायचं, मागे देऊळ असलं तर उत्तम. रिकामा किनारा म्हणजे तिच्या दृष्टीनं पान मांडून वाढायचं विसरल्यासारखं. अप्पा, म्हणजे माझे वडील, बिचारे प्रत्येक फोटोला "उजेड छान पडलाय" म्हणतात, ढगाळ असला तरी. तेवढ्यावर मी समाधान मानत आले.

मी तिशी ओलांडल्यावर आत्यानं माझ्या लग्नाचं मनावर घेतलं. तंजावरात आमची मराठी घरं मोजकी, त्यातली स्थळं त्याहून मोजकी, आणि नीट चौकशी केली की त्यातली निम्मी नात्यात निघतात. महाराष्ट्रात मुलगी बघायला आलेल्यांना पोहे देतात म्हणे. आमच्याकडे केसरी, म्हणजे शिरा, आणि बज्जी, म्हणजे भजी. मी पुष्कळ बज्ज्या वाढल्या, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बोलून बसले. एकानं विचारलं, लग्नानंतर हे फोटोबिटो चालू ठेवणार का. मी म्हटलं, तुम्ही श्वास चालू ठेवणार का. ते स्थळ बज्जी अर्धी टाकून उठलं.

त्यानंतर पापनाशमच्या एका बाईंच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा ओरत्तनाडूला गुरांचा डॉक्टर, तिथंच एकटा राहतो. त्यांनी रविवार मागितला. मी सरळ सांगून टाकलं, रविवारी मी घरी बसणार नाही, बघायचं असेल तर मनोऱ्याला या. हे मी प्रकरण मिटावं म्हणून बोलले होते. आत्यानं कपाळावर हात मारला. दोन दिवसांनी निरोप आला की येतो, मुलाला पहाटे उठायची सवय आहे.

मनोरा पट्टुकोट्टैच्या पुढं, अगदी पाण्याला टेकून उभा आहे. सहा कोनांचा, मजल्यावर मजला रचलेला बुरूज. इंग्रजांनी कुठलीशी लढाई जिंकली म्हणून आमच्या मराठा राजानं तो आनंदानं बांधला. दुसऱ्याच्या घरच्या बारशाला आपल्या दारात मांडव घालणारे आम्ही लोक. समोरचा समुद्र मात्र गरीब गाईसारखा आहे. चिखल, खारफुटीची झाडं, त्यापुढं सपाट राखाडी पाणी. मुलाची आई गाडीतून उतरली, पदर सावरून चहूकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाट कोठें आहे?"

"येथें लाट येत नाहीं," अप्पा इतक्या अपराधी आवाजात म्हणाले, की त्यांनीच तिला रजा देऊन पाठवलंय असं वाटावं.

मुलगा हात मागे बांधून उभा होता. पांढरा शर्ट, शांत चेहरा, आणि नेमका माझ्या फ्रेमच्या मध्यभागी. मी म्हटलं, "जरा डावीकडे होता का?" तो झाला. मी जागा बदलली, तर हा पुन्हा मनोऱ्याच्या कडेला खेटून उभा. "अजून थोडं," मी म्हटलं. तिसऱ्या वेळी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "तुम्ही त्या झाडामागे उभे राहिलात तर फार बरं होईल." आणि तो माणूस खरोखर झाडामागे जाऊन उभा राहिला. त्याची आई हे सगळं पाहत होती. माझं लक्ष उजेडाकडे होतं.

थोड्या वेळानं मोठी मंडळी बुरुजाच्या पलीकडे सावलीत पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा उघडून बसली. मला पाण्यातलं मनोऱ्याचं प्रतिबिंब हवं होतं. ते समुद्राच्या बाजूनं दिसणार, म्हणजे पाण्यात उतरणं आलं. आत्यानं जबरदस्तीनं नेसवलेली रेशमी साडी मी गुडघ्यावर खोचली आणि उतरले. दहा पावलं झकास गेली. अकराव्याला उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, आणि तो काढायला जोर लावला तर डावाही गेला. कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी उभी राहिले. ओरडावं तर आत्या येणार, आणि आत्या आली की साडी बघणार.

मी हळूच म्हटलं, "अहो, झाडामागचे."

तो आला. पँट दुमडली, चपला झाडापाशी नीट जोडीनं ठेवल्या आणि सावकाश चिखलात उतरला. माझ्यापाशी येऊन वाकला आणि हातानं माझ्या घोट्याभोवतीचा चिखल सैल करायला लागला.

"सरळ ओढायचें नाहीं," तो म्हणाला. "टाच हलवा. पाणी आंत जाऊं द्या. हां, हां. भ्यायचें नाहीं. झालेंच."

आवाज इतका मायाळू होता की मला शंका आली. "हें तुम्ही म्हशीला म्हणतां कां?"

त्यानं मान वर केली आणि अगदी गंभीरपणे उत्तर दिलं. "म्हशीला तमिळांत म्हणतों."

मला जे हसू फुटलं ते आवरेना. डोक्यावर कॅमेरा, दोन्ही पाय चिखलात, हसताना तोल जातोय आणि पाय निघत नसल्यामुळे पडताही येत नाही. मग तोही हसायला लागला. त्याचं हसणं आवाज न करता नुसतं खांद्यांतून होतं, ते पाहून मला आणखी हसू. शेवटी पाय सुटला तो अशा आवाजासकट की आम्ही दोघंही धप्पकन पाण्यात बसलो, कॅमेरा तेवढा वर राहिला. रेशमी साडीची जी दशा झाली ती मी आत्याला आजवर पूर्ण सांगितलेली नाही.

तिथंच, त्या गुडघाभर पाण्यात, मला कळून चुकलं की हाच. मला लाजबिज वाटली नाही. उलट इतका आनंद झाला की जो दिसेल त्याचा फोटो काढावासा वाटला. आणि मी काढलेही. मनोरा, प्रतिबिंब, बगळे, एक कलती होडी, खारफुटीची मुळं. ट्रायपॉडचा पाय चिखलात रुतू नये म्हणून तो खाली बसून धरून ठेवत होता, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. त्याचा फोटो काढावा हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

परत निघताना त्याच्या आईनं गाडीत बसता बसता सांगितलं, "फोटो पाठव, हो."

माझे पाय जमिनीवर ठरेनात. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन माझे फोटो मागितले होते. घरी आल्याबरोबर जेवायच्या आधी मी ते कडेनं नीट कापले, उजळले, क्षितिजाची रेघ सरळ केली आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा त्यांना पाठवून दिले. बाई रसिक आहेत, असं मी अप्पांना चार वेळा सांगितलं. अप्पा म्हणाले, उजेड छान पडलाय.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलाला मुलगी पसंत आहे. पण मुलीचं मन दिसत नाही. दोनशे बारा फोटो पाहिले, बगळ्याचे एकोणीस आहेत, मुलाचा एकही नाही. त्याला तीनदा बाजूला सरकवलं तेही डोळ्यांनी पाहिलं. तिच्यावर जुलूम नको.

 फोन उघडून मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. आत्या पाहते तसे पाहिले, म्हणजे शोधले. ज्यानं ट्रायपॉड धरला त्याचं एक बोटसुद्धा नव्हतं. मी सगळं इतकं नीटनेटकं कापलं होतं.

"मी आत्तांच फोन करतें," मी म्हटलं.

"खबरदार," आत्या म्हणाली. "मुलीच्या घरानें फिरून विचारायचें नसतें. थांब. त्यांना वाटलें तर येतील."

चार दिवस मी थांबले. वर्गात भिंगाचं सूत्र चुकीचं लिहिलं, आणि मुलींनी दाखवून दिलं तर त्यांच्यावरच चिडले. आत्याशी कॉफीवरून भांडले, मग सांबारावरून, मग काहीच कारण नव्हतं तरी. मला तो माणूस हवा होता. मला त्याचं ते खांद्यांतून हसणं रोज हवं होतं, आणि तो तिकडे ओरत्तनाडूला बसून समजत होता की त्याच्याहून मला बगळा बरा वाटला. पाचव्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कॅमेरा घेतला आणि कुणाला न सांगता ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसले.

दवाखान्याच्या अंगणात सात-आठ शेळ्या, त्यांच्या मालकिणी, दोन वासरं आणि खुंट्याला बांधलेली एक गाय होती. गाईच्या मागे डॉक्टर. त्याच्या हातात खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा होता आणि तो हात कोपराच्याही पुढपर्यंत गाईच्या पोटात. त्यानं मला पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"पांच मिनिटें," तो म्हणाला. "गाभण आहे कीं नाहीं तें पाहतों."

"मज तुमचा फोटो काढायचा आहे."

"आत्तां?"

"आत्तां. असाच."

शेळ्यांच्या मालकिणींनी आपसात काय ते ठरवून टाकलं आणि मला पुढं जायला वाट करून दिली. एकजण त्याला म्हणाली, "सिरिंग, सार." म्हणजे हसा, साहेब. तो हसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

कोडिकरैच्या वाऱ्यात, ओल्या दगडावर एका पायावर उभी राहून मी फोटो काढलेत. हात म्हणून कधी हलला नाही. आणि इथं भर दुपारी, लख्ख उन्हात, तो पाच पावलांवर उभा आणि माझे हात लटलट कापायला लागले. एक काढला, हलला. दुसरा हलला. श्वास धरला, कोपर पोटाशी दाबलं, भिंतीला पाठ लावली. सतरा काढले. सतराच्या सतरा हलले.

हात धुऊन तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर एकेक फोटो पाहू लागला. बऱ्याच वेळानं एकावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "ह्यांत मी कोणता आणि गाय कोणती?"

"पुसून टाकतें," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि हसूही.

"नको. आईला पाठवा."

"हे? अहो, हे कसे पाठवूं?"

"सगळे पाठवा," तो म्हणाला. "तेवढें मन तिला दिसूं द्या."

मी फोटो फोनवर घेतले, सतराही पाठवले आणि तो पुढच्या शेळीकडे वळल्यावर बसस्टँडवर येऊन उभी राहिले. आपण काय करून बसलो हे आता कुठं लक्षात येत होतं. तेवढ्यात फोन वाजला. पापनाशमहून त्याच्या आईचा.

"तुझे दोनशे बारा मी पाह्यले होते," बाई म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही. "त्यांत एक हाललेला नव्हता."

"नव्हता, मामी."

"आज माझ्या लेकाचे सतरा आले. एक धड नाहीं."

"माफ करा. मी परत येऊन नीट काढतें."

 मग त्या म्हणाल्या, "नीट काढूं नकोस. मज कळलें. आत्याला सांग, आम्ही लग्नाचा दिवस धरायला येतों."

मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. समोर बस उभी होती, तिच्यात चढले, खिडकीपाशी बसले आणि ते सतरा फोटो पहिल्यापासून पाहू लागले. चौथ्यात त्याचा कान होता, अकराव्यात गाईच्या शिंगाजवळ अर्धं हसू. कंडक्टर केव्हाचा तिकीट विचारत होता. मी तंजावर म्हटलं तेव्हा त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सांगितलं, अम्मा, ही पट्टुकोट्टैची, मनोऱ्याकडची गाडी, तंजावर मागे राहिलं. मी म्हटलं, मग पट्टुकोट्टैचं द्या.