एक मोर खाली

विरुपाक्ष हत्तुरे मूळचा चादरींची नक्षी काढणारा. एक मोर काढायचा आणि तस्साच दुसरा समोर बसवायचा, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बहात्तर साली मेडिकल कॉलेजात चित्रकाराची जागा निघाली आणि सरकारी नोकरी म्हणून गडी हरखून तिथं चिकटला.

पहिल्याच तक्त्यात त्यानं दोन मूत्रपिंडं मोरांसारखी समोरासमोर बसवली. डॉक्टर कडाडले, "अहो, ही काय चादर आहे? एक जरा खाली असतं!"

तेव्हापासून सात वर्षं तो एक खाली काढत आला. तक्ता फाटला की पुन्हा तोच. चित्रकाराचं पद एकच. वर कोणी नाही, खाली कोणी नाही. बढती मागितली तर साहेबालाच कळेना, याला चढवायचं कुठं! अंगात मुडदे टिकवायच्या फॉर्मॅलिनचा वास असा मुरला, की बायको महादेवी ताट वाढून लांब जाऊन बसायची.

शेवटी रजा टाकून तो जुन्या मालकांकडे, चनबसप्पांकडे गेला. "मला परत घ्या की."

"घेतो की. मोरांची जोडी काढ बघू."

त्यानं काढली. चनबसप्पांनी कागद लांब धरला.

"हात लई सुधारलाय तुझा. पण एक मोर खाली का बसलाय?"

विरुपाक्षनं खोडून पुन्हा काढला. मोर पुन्हा खालीच बसला.

सोमवारी कॉलेजात मूत्रपिंडांचा तक्ता फाटलेला होता. त्यानं नवा काढला, एकदाही न खोडता.