‘जा’ अजून शिकवलेलं नाही

जिथं दिवसभर मोजायचंच काम असतं, तिथं न मोजलेल्या गोष्टी कोपऱ्यात साचत जातात. ऊर्जानगरजवळच्या आमच्या वाचा-उपचार केंद्रात अशा बऱ्याच साचल्यात. मी मुळात भित्री, कुकरच्या शिट्टीलाही दचकते. तेव्हा जरा समजून घ्या!

आमची पद्धत अशी, की मुलाची तुलना फक्त त्याच्या स्वतःशीच. पोंभुर्ण्याचा पाच वर्षांचा चेतन एकही शब्द बोलत नव्हता. त्याच्यासाठी तीन ठरले: ‘दे’, ‘ये’, ‘जा’. एका वेळी एकच शिकवायचा, बाकीचे नुसते मोजायचे. शिकवलेलाच वाढला, तर उपाय खरा. नाहीतर त्याचा तास दुसऱ्या मुलाला!

*

पहिला आठवडा काहीच न शिकवता मोजायचं. दोन बस बदलून येणारी चेतनची आई वैतागली.

“शिकवून नाई राह्यल्या, नुसतं लिहून राह्यल्या! काय लिहिता वो बाई?”

“शून्य.”

“ते तर मले घरीच माहीत होतं!”

*

माझी सहकारी शीतल काचेपलीकडून वेगळं मोजते. दोघींचे आकडे जुळले तरच खरे. एकदा खिशातला टायमर वाजला आणि मी किंचाळले. शीतलच्या कागदावर नोंद: ‘चेतन – शून्य. मॅडम – एक.’

*

‘दे’ जमलं. आई रडली. मग ‘ये’ही पटकन आलं! फक्त चेतन ते माझ्याकडे बघून म्हणेना. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायचा.

आमचे प्रमुख कादरी सर खूश. “कागदावर एक रकाना वाढवा. कोणाला म्हणाला, तेही लिहा!”

*

सोमवारी आई दारातच उभी.

“बाई, घरी बी ‘ये’ म्हणून राह्यला. दाराकडे पाहून. आता ‘जा’ शिकवा न लवकर!”

सर म्हणाले, “आलेखावर ‘ये’ची रेघ स्थिर होऊ द्या. तोवर ‘जा’ला हात लावायचा नाही. मुलाचा तास टिकवायचाय ना?”

टिकवायचा होता. मी रोज ‘ये’च शिकवत राहिले.

*

शुक्रवारी भर दुपारी चेतन खेळता खेळता थांबला. माझ्या खांद्यावरून मागे बघत स्पष्ट म्हणाला, “जा!”

न शिकवता! खोलीत आम्ही दोघंच. मी काही मागे वळले नाही. कागदावर लिहिलं: ‘जा – एक. कोणाला – मला.’

सरांनी दोघींचे कागद शेजारी ठेवले. “आकडा जुळतोय. एकानं काही बिघडत नाही, तास राहील.” आणि सही केली.

माझा जीव भांड्यात पडला. मग शीतलचा कागद वाचला.

‘जा – एक. कोणाला – मॅडमच्या मागे उभ्या बाईला.’