सोनामावशीच्या टाळ्या

सोनामावशी आपल्या घोडीच्या पुढे कधी चालत नसे. शेतात, बाजारात, लग्नाच्या वरातीतही घोडी पुढे आणि ती दहा पावले मागे. लगाम घोडीच्या मानेवर मोकळा पडलेला. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, घोडी सुटली आहे आणि ही बाई तिला पकडायला निघाली आहे.

मुलांनो, ही चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तुमचा बाबा तेव्हा सहा वर्षांचा होता. शुक्रवार पेठेतले घर बंद करून आम्ही सुट्टीसाठी केम गावी, तुमच्या आजोबांच्या मामांच्या मळ्यावर गेलो होतो. सोनामावशी मळ्याला लागूनच राहायची. ती जाऊन आता कितीतरी वर्षे झाली. तिचा नवरा वरातीला घोडी देत असे. तो वारल्यावर तिने तेच काम पुढे चालवले. पण नवरदेवाच्या पुढे विधवेने चालायचे नाही, अशी त्या काळची रीत. लोकांना घोडी हवी होती, तिला धरणारी नको होती.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारले.

"काय करनार? शेवंतीला टाळ्या शिकिवल्या. दोन वाजल्या की चालायचं, तीन वाजल्या की थांबायचं. वरातीत टाळ्या कोन मोजतंय, बाई?"

वर्षभर ती रोज सकाळी ओढ्याकाठी टाळ्या वाजवत होती, असे मामा सांगत. गाव तिला खुळी म्हणे. मामाही चिडवायचे, "सोने, घोडी फुडं न् तू मागं. तुमच्यात मालक कोन म्हनायचं?"

"मागनं समदं दिसतं, आण्णा. फुडच्याला निस्ता रस्ता दिसतो."

तिसऱ्या दिवशी तिने तुमच्या बाबाला शेवंतीवर बसवले. मला एकच गोष्ट बजावली, "घोडीच्या नजरंत एकदम काय उघडू नका, बाई." मी मान डोलावली. पण ऊन चढले, पोराचे डोके उघडे होते. फटाक्यांना न बिचकणारी घोडी छत्रीला काय भिणार, असे मला वाटले. मी जवळ गेले आणि छत्री उघडली.

शेवंती उधळली. बाबा तिच्या मानेला बिलगला आणि घोडी नांगरलेल्या रानातून थेट रेल्वेच्या दिशेने सुटली. तिथे रूळ खोल खणलेल्या भागातून जातात. काठाला कुंपण नव्हते. खाली दोन पुरुष खोल नुसती खडी. आजोबा धावले, गडी धावले. सगळे ओरडत होते. मीही.

सोनामावशी जागची हलली नाही. तिने आमच्याकडे वळून पाहिले. "गप ऱ्हावा. समदी गप. तिला ऐकू यिऊ द्या."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मामांनी हात वर करून धावणाऱ्यांना थांबवले. रान शांत झाले. मग तिने तीन टाळ्या वाजवल्या. ओंजळीसारखे पोकळ हात, सावकाश, मोजून. घोडी पळतच होती. पुन्हा तीन. तिच्या हातांत जराही घाई नव्हती. तिसऱ्या वेळी शेवंतीचा एक कान मागे वळला. तिची धाव मंदावली, दुडकी चाल झाली, आणि काठापासून चार-पाच पावलांवर ती थांबली. इतके शांत माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

"आता बी पळू नका," असे सांगून ती एकटी चालत गेली, घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि मग आम्हाला खूण केली.

मी बाबाला उतरवून उराशी धरले. "पुरे झालं. घोडी नको आता," आजोबा म्हणाले.

"सायेब, आत्ता घरी न्येलं तर भ्या बी संगट जाईल. पोराचं बी आन् घोडीचं बी." मग तिने माझ्याकडे पाहिले. "पर म्या न्हाय बसवनार. आईनं बसवलं तरच बसंल त्यो."

माझे हात सैल होईनात. ती ढेकळावर बसून राहिली, घोडीच्या पायांवरच्या माश्या हाकलत. मी शाळेत लाल शाईने इंग्रजीच्या वह्या तपासणारी बाई. चुकीखाली रेघ मारल्याशिवाय मला चैन पडत नसे. छत्रीबद्दल सोनामावशी एक अक्षर बोलली नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

बऱ्याच वेळाने मी बाबाला विचारले, "बसतोस?"

त्याने माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिले. "मावशी, तू टाळ्या वाजवशील?"

"व्हय की. हितंच हाय मी."

मी त्याला उचलून पाठीवर बसवले. दोन टाळ्या वाजल्या. शेवंती चालू लागली, आणि त्याच्या पावलाला घट्ट धरलेला माझा हात मला सोडावा लागला.