रेव्हलस्टोकचा बर्फ आणि नंदाचा नकार

माझं बूड एका जागी टिकत नाही, हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात फेब्रुवारी आला की विचारूच नका. टोरोंटोच्या एटोबिकोत ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलनं उपसून खांदे आखडलेले, वर्कशॉपमध्ये कामं मंदावलेली, रस्त्याकडेचा बर्फ धुरानं काळा पडलेला. अशाच एका दुपारी इंटरनेटवर मला एक मोटेल विकायला दिसलं. गाव रेव्हलस्टोक, ब्रिटिश कोलंबिया. चारही बाजूंना डोंगर, मधून कोलंबिया नदी आणि तीन-चार वर्षांपूर्वी उघडलेला मोठा स्की रिसॉर्ट. २००८च्या मंदीनं तिथं येणारी कॉन्डोंची, म्हणजे फ्लॅटांची, लाट अर्ध्यावर थांबलेली. घ्यायचं असतं ते अशाच वेळी, हे मला कुणी शिकवायला नको.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी दुसऱ्याच्या लेथवर उभा राहून शिकलो आणि इथं येऊन एका भाड्याच्या गाळ्यात स्वतःचा जुना लेथ टाकला. त्या गाळ्याचं वर्कशॉप होईपर्यंत माझी बायको नंदा विमानतळाजवळच्या हॉटेलात खोल्या आवरायची. आता मुलगा लंडनला, म्हणजे आपल्या ऑन्टारिओतल्या लंडनला, डॉक्टर आहे आणि वर्कशॉप घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं आहे. मग हातावर हात ठेवून बसायचं कशाला?

नंदाला मी सांगितलं की बर्फातल्या सुट्टीला जाऊ, जाता जाता एक मोटेल बघू. स्क्रीनवरचे फोटो तिनं चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही ठरवलंय ना, मग झालं." आमच्या घरातले मोठे निर्णय बहुतेक याच वाक्यावर झालेत. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "डॅड, यू डोन्ट ईव्हन स्की." म्हटलं, थेटराच्या मालकाला कुठं नाचता येतं?

जाणाऱ्यांसाठी सांगतो. टोरोंटोहून कॅलगरीपर्यंत विमान आणि तिथून भाड्याची गाडी, हा रस्ता उत्तम. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून टायर बघा. विंटर टायर नसतील तर गाडी परत करा, कारण डोंगरात त्यांच्याशिवाय जाऊ देत नाहीत. उन्हाळ्यात हा रस्ता साडेचार-पाच तासांचा आहे. हिवाळ्यात पूर्ण दिवस धरा. बॅन्फ, लेक लुईस या भागात थांबायचं असेल तर नॅशनल पार्कचा पास लागतो. गोल्डन गावात टाकी भरा आणि पोटही भरून घ्या, कारण पुढं रॉजर्स पास म्हणजे नुसता डोंगर, बर्फ आणि ट्रक. आम्ही गाडीतच नंदानं आणलेले मेथीचे ठेपले खाल्ले. खिंडीच्या आसपास टाइम झोन बदलतो आणि घड्याळ एक तास मागं जातं. फुकट मिळालेला तास बघून मला फार बरं वाटलं, पण तो मी ट्रकच्या मागं रांगत घालवला.

खिंडीत रस्त्यावर जागोजागी काँक्रीटची छपरं आहेत. डोंगरावरून सुटलेला बर्फ छपरावरून घरंगळत पलीकडच्या दरीत जावा, ही युक्ती. पहिल्या छपराखाली शिरलो तेव्हा नंदानं खिडकीवरचा दांडा घट्ट धरला. शेवटच्यातून बाहेर पडलो तरी सोडला नव्हता.

रेव्हलस्टोक हे रेल्वेनं वसवलेलं गाव. नाव लंडनच्या एका बँकरचं, या खेपेला खऱ्या लंडनच्या. रेल्वे कंपनी पैशांवाचून अडली होती तेव्हा त्याच्या बँकेनं हात दिला, म्हणून गावाला त्याचं नाव. मला हा व्यवहार आवडला. मेन रस्ता छोटा, विटांच्या जुन्या इमारती, एक चांगली बेकरी आणि प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर स्की. मालगाड्या मात्र गावातून दिवसभर जातात. पहिल्या सकाळी त्यांच्या आवाजानंच जाग आली. डबे एकमेकांवर आदळत थांबतात तो आवाज मी पडल्या पडल्या ऐकला आणि चहा व्हायच्या आत बूट चढवले.

गावातल्या म्युझियममध्ये एक पांढऱ्या केसांच्या बाई हौसेनं माहिती सांगत होत्या. खिंडीत १९१० साली मार्चमध्ये रुळांवर बर्फाचा कडा कोसळला. तो उपसायला माणसं उतरली, तर समोरच्या डोंगरावरून दुसरा कडा सुटला. अठ्ठावन्न माणसं गेली. त्यात कितीतरी जपानी मजूर होते. पुढं रेल्वेनं वरची वाट सोडून दिली आणि डोंगराच्या पोटातून बोगदा काढला. मी म्हटलं, एवढी मोठी कंपनी आणि माघार घेतली? बाई हसल्या. म्हणाल्या, गाड्या अजून चालू आहेत ना?

मग त्यांनी एक जुना फोटो दाखवला. या गावात शंभर वर्षांपासून स्कीवरून उड्या मारतात. पूर्वी बायका उडी मारायच्या त्या पुरुषाचा हात धरून. इथल्या एका शाळकरी मुलीनं तो हात सोडला, एकटीनं उडी मारली आणि जगात नाव काढलं. नंदा त्या फोटोपुढं बराच वेळ उभी होती. मी दाराशी दोन चकरा मारून आलो, तरी तिथंच.

दुपारी मोटेल बघितलं. मालक सुरतेकडचे, भरतभाई. साठीचा, गोड बोलणारा माणूस. हिंदीत म्हणाले, "भाईसाहब, यहाँ तो स्वर्ग है, सिर्फ चाबी घुमानी है." खोल्या स्वच्छ होत्या, खिडकीत डोंगर होता, जागा मोक्याची होती. लाँड्रीच्या दारातूनच मला ऐकू आलं की ड्रायरचं बेअरिंग जायला आलंय. मी बोललो नाही. भाव करताना असल्या गोष्टी खिशात ठेवायच्या असतात. तेवढ्यात आतल्या बाजूला भरतभाईंच्या बायकोनं नंदाला विचारलेलंही कानावर आलं.

"बच्चे कहाँ हैं आपके?"

"लड़का ऑन्टारिओ में है. डॉक्टर है."

"फिर आप यहाँ क्यों?"

नंदाचं उत्तर काही ऐकू आलं नाही. मी वळून बघितलं तर ती एका पलंगाशी उभी होती. चादरीचा एक कोपरा सुटला होता. बोलता बोलता तिनं गादी एका हातानं उचलली, दुसऱ्यानं कोपरा दुमडून आत सारला आणि तळव्यानं सरळ केला. तीस वर्षांनी. बघितलंसुद्धा नाही तिकडं.

संध्याकाळी पबमध्ये पुटीन खाल्लं. बटाट्याच्या फोडी, चीज, वर तपकिरी रस्सा. थंडीत बरं लागतं, पण दोघांत एकच मागवा. मी पेपर नॅपकिनवर खोल्यांचा हिशेब मांडत होतो आणि पाय टेबलाखाली हलत होता. नंदा म्हणाली, "टेबल हलतंय." मी पाय थांबवला, तर बोटं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी स्नोशू. ज्यांना स्की येत नाही त्यांनी हे जरूर करावं. बुटांखाली रुंद पट्ट्या बांधायच्या आणि बर्फावरून बदकासारखं चालायचं. गोंडोलानं, म्हणजे दोरावरच्या पाळण्यानं, वर जाऊन डोंगर बघणं सोपं, आम्ही तेही केलं. पण जंगलातली शांतता पायीच कळते. आमची गाइड टेस नावाची तिशीतली मुलगी होती. सोबत एडमंटनचे दोन मित्र होते, तेलाच्या कामावरचे, आडदांड. सुरुवातीला टेसनं प्रत्येकाच्या छातीवर एक छोटं यंत्र बांधलं. बर्फाखाली गाडला गेलात तर याच्या आवाजावरून शोधू, असं तिनं इतक्या सहज सांगितलं की नंदानं माझ्याकडं बघितलं.

मग तिनं दोन नियम सांगितले. पायाखाली दबका धप्प असा आवाज आला तर लगेच बोलायचं, कारण आतला थर खचला असेल आणि वरचा बर्फ सुटू शकतो. आणि पुढं जायचं का, हे प्रत्येकाला विचारलं जाईल. एकानंही नाही म्हटलं तर सगळे परत. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही.

मी म्हटलं, "एकाच्या म्हणण्यावर? मग बाकीच्यांनी पैसे कशाचे दिले?"

टेस म्हणाली, "परत येण्याचे."

एडमंटनवाले हसले, मीही हसलो. चढ बेताचा होता. देवदारांवरून बर्फ भुरभुरत होता. मी सारखा पुढं सरकत होतो आणि टेस मला दर वेळी मागं घेत होती. तासाभरानं झाडं संपली आणि समोर एक उघडा उतार आला. एकेकानं तो ओलांडायचा, की पलीकडं नदी, गाव, रेल्वे सगळं एका नजरेत दिसणार होतं. मला तिथून मोटेलची जागा बघायची होती. खरं तर त्या एका गोष्टीसाठीच मी एवढा चढलो होतो.

तिथं थांबताना मला आवाज आला. रिकाम्या पिंपावर गादी पडावी तसा, खोल आणि अगदी हलका. टेस पुढं होती, एडमंटनवाले बोलत होते. झाडावरून बर्फ पडला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पलीकडचा कडा तर हाताशी होता.

टेसनं विचारायला सुरुवात केली. पहिला म्हणाला गुड. दुसरा म्हणाला गुड. मीही म्हणालो गुड.

नंदा म्हणाली, "नो."

एवढंच. इंग्रजीत, स्वच्छ. टेसनं मान हलवली आणि ती वळली. आडदांड मित्रांपैकी एकानं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, दुसऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप दिली आणि दोघं उतरायला लागले. उभा राहिलो मी एकटा. म्हणालो, "अगं पण का?" टेसनं मागं वळून फक्त बोट ओठावर ठेवलं.

उतरताना मी आतून खदखदत होतो. गावात आल्यावर टेसला म्हटलं, उद्या हा उतार कोसळला तर कळवशील का? म्हणाली, बहुधा कोसळणार नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना मी गाडी थांबवून वर बघितलं. उतार जसाच्या तसा होता, उन्हात चकाकत.

परतीच्या वाटेवर खिंड बंद होती. वर साचलेला बर्फ कुणाच्या अंगावर येण्याआधी तोफा डागून पाडतात, आणि ते काम सैन्य करतं. तोवर सगळ्या गाड्या उभ्या. ट्रकवाले खाली उतरून कॉफी पीत होते. अशा वेळेसाठी गाडीत ब्लँकेट, पाणी आणि खायला ठेवा. वॉशरूम आधीच आटपून घ्या. मी इंजिन बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं.

शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "तू नो का म्हणालीस?"

"विचारायचं नसतं ना?"

"ते डोंगरावर. आता खाली आलोय."

ती डब्यातला शेवटचा ठेपला अर्धा करत होती. तेवढ्यात वरून तोफेचा आवाज आला आणि त्यामागोमाग दूरवर एक खोल, दबका धप्प असा आवाज. माझी मान आपोआप तिकडं वळली.

"हे बघा," नंदा माझ्या चेहऱ्याकडं बोट करून म्हणाली, "हेच तोंड. तिथं डोंगरावर केलं होतंत तेच. लेथचा आवाज बिघडला की तुम्ही असं करता. मला काही ऐकू आलं नव्हतं. मी फक्त तुमच्याकडं बघत होते."

म्हटलं, "मला आवाज आला होता."

"ते कळलंच. आणि तरी गुड म्हणालात." तिनं अर्धा ठेपला माझ्या हातात दिला. "परवा लाँड्रीच्या दारातही हेच तोंड होतं."

"ते ड्रायरचं बेअरिंग होतं."

"तेवढंच ऐकलंत?"

रस्ता उघडला. घड्याळ एक तास पुढं गेलं, म्हणजे मिळालेला तास परत द्यावा लागला.

घरी आल्यावर दोन दिवसांनी एजंटचा फोन आला. भरतभाई भावात उतरायला तयार होते, बरंच उतरायला. मी रिसीव्हरवर हात ठेवला. नंदा ओट्याशी कांदा चिरत होती. इतक्या वर्षांत असं कधी विचारलं नव्हतं, म्हणून शब्द सापडायला वेळ लागला. शेवटी टेसचेच वापरले. म्हटलं, "बोल. पुढं जायचं?"

तिनं सुरी खाली ठेवली. "नाही."

मी रिसीव्हरवरचा हात काढला. एजंटला सांगितलं की आमचं जमणार नाही. तो कारण विचारत होता. म्हटलं, आमच्याकडं कारण विचारत नाहीत.

वर्कशॉप विकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पाय टेबलाखाली अजून हलतात. खिडकीतून शेजाऱ्याचा ड्राइव्हवे दिसतो आणि मला त्या उघड्या उताराच्या पलीकडून बघायची राहिलेली नदी आठवते. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात येरझारा घालत होतो. नंदानं शेवटी गॅस बारीक केला.

"जाऊ की पुन्हा रेव्हलस्टोकला," ती म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात जाऊ, हवं तर महिनाभर राहू. पण पलंग दुसऱ्या कुणीतरी आवरलेला पाहिजे."