चाळणीतली माती

"ऊठ रे ढोंग्या!" असं मी ओरडले, तेव्हा दत्ता मेलेला होता.

पिंपळीच्या मैदानावर, दुपारी चारच्या सुमाराला, गावाच्या आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत. सामना संपायला थोडाच वेळ राहिला होता. दत्ता चढाईला गेला, समोरच्या संघातल्या किरणनं त्याचा घोटा धरला, वरून दोघं येऊन पडले आणि दत्ता पालथा झाला तो हललाच नाही. सगळं मैदान हसत होतं. कारण दत्ताचं हे सोंग बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतल्या कबड्डीवाल्यांना पाठ होतं. पकडीत सापडला की तो अंग सोडून द्यायचा, मान टाकायचा, डोळे मिटायचा. ओठातल्या ओठात कबड्डी-कबड्डी मात्र चालू. धरणाऱ्याला वाटायचं, लागलं वाटतं बिचाऱ्याला... त्याचा हात जरा सैल पडला की हा उसळून मध्यरेषेला बोट लावायचा आणि तिघांना एकदम बाद करून हसत माघारी यायचा. म्हणून त्या दिवशीही पंच गुडघ्यावर बसले आणि दम चालू आहे का ते ऐकायला त्यांनी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. लोक शिट्ट्या मारायला लागले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "लई बेरकी हाय बाई तुमचा भाचा." तेव्हाच मी ओरडले. पंचांनी शिट्टी दातांत धरली होती, ती वाजली नाही. त्यांनी कान बाजूला घेतला, दत्ताच्या नाकापुढं बोटं धरली, आणि शिट्टी त्यांच्या तोंडातून मातीत पडली. किरण अजून घोटा धरूनच होता.

मी दत्ताची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी वरकुट्याला आले ती इथंच राहिले. भाऊ आणि भावजय लवकर गेले, तेव्हा दत्ता सहा वर्षांचा होता. तेव्हापासून तो माझ्याकडं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, एवढं लिहायला तेवढं पुरतं. त्याच्या आठवणींच्या या स्मरणिकेत माझ्याआधी चार जणांनी लिहिलं, त्यात त्याला वाघ केलं आहे. वाघ वगैरे काही नव्हता. शेळीला बाभळीची डहाळी तोडायला पाठवला तर काटा मोडला म्हणून रडत येणारा पोरगा होता तो. चौतीस वर्षांचा झाला तरी इंजेक्शनला भीत होता. हे आधीच सांगते, कारण पुढं त्याला महत्त्व आहे.

आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. आजोबांच्या काळात फिरणं सुटलं, मग शेती आली, ऊस आला. ज्या माळावर मेंढरं बसायची तिथं दत्तानं मैदान केलं. शाळा सुटल्यावर एकटाच कुदळ घेऊन खणायचा. दगड वेचले, बांधावरची मऊ माती आणून टाकली. पण कबड्डीच्या मातीत खडा चालत नाही, पोरांचे गुडघे फुटतात. एके दिवशी मी गहू निवडायला बसले तर चाळण जागेवर नाही. शोधत माळावर गेले. हा उकिडवा बसून माझ्या गव्हाच्या चाळणीत माती चाळतोय.

मी म्हटलं, "मुडद्या, उद्या चपातीत खडे खातोस का?"

"आत्ये, गहू काय, तू सुपात पाखडशील. मातीला सूप चालत न्हाय."

त्या दिवसापासून चाळण त्याची झाली. मी बाजारातून दुसरी आणली. जुनी ओसरीच्या खुंटीवर असायची. दर पावसाळ्यानंतर मैदानाचा वरचा थर काढायचा, चाळायचा, पाणी मारून परत दाबायचा, हे त्यानं एकदाही चुकवलं नाही. ऊसतोड चालू असो, लग्नसराई असो. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाला हळद लागलेली आणि हा मैदानावर पाणी मारतोय. सुनीताच्या माहेरची माणसं बघायला आली, नवरा कुठं आहे म्हणून. मी म्हटलं, चिखलात आहे, धुऊन देते.

सोंगाची सवय घरातली. मैदानावरून आला की ओसरीवर फरशीला पाठ टेकून हातपाय पसरायचा, चाळण छातीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "आत्ये, मेलो." मी पायानं ढोसायची, "मर की मग. जागा तरी मोकळी होईल." मग चहा. हे वीस वर्षं चाललं. त्याची पोरगी तीन वर्षांची झाली आणि तीही शेजारी पसरून "मेले" म्हणायला लागली. सुनीताला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, असलं बोलू नये. मी तिला हसायची.

किरण पिंपळीचा. पंधरा-सोळा वर्षांचा असताना दत्ताचं नाव ऐकून वरकुट्याला आला आणि तीन वर्षं आमच्याकडं राहिला. भाकरी माझ्या हातची खायचा, चार भाकरींच्या खाली उठायचा नाही. दत्तानं त्याला घोटा धरायला शिकवलं. संध्याकाळी माळावरून दत्ताचा आवाज ऐकू यायचा, "पडला म्हणून सोडू नगं! मेला तरी सोडू नगं! पंच सांगल तवा सोडायचं." पुढं किरण स्वतःच्या गावाकडून खेळायला लागला, त्यात वाईट काही नाही. दत्ताला उलट अभिमान. पिंपळीला निघताना गाडीत म्हणाला, "आज किरण मला धरतोय का बघू. धरलं तर सोडायचा न्हाय गडी." तसंच झालं. त्यानं शिकवल्याबरहुकूम.

बारामतीच्या दवाखान्यात नेला, पण नेण्यात काही अर्थ नव्हता. डॉक्टरनं सांगितलं, हृदय आधीपासून वाढलेलं होतं, ते बंद पडलं. कुणाच्या पकडीनं झालेलं नाही. हे त्यानं चार माणसांसमोर स्पष्ट सांगितलं. तरी मातीला माणसं जमली तेव्हा कुजबुज सुरू झाली. दोन्ही तालुक्यांतले संघ आले होते. एकमेकांची डोकी फोडणारे संघ, एका रांगेत उभे. प्रत्येकानं आपापल्या मैदानाची मूठभर माती आणली होती, ती चितेजवळ टाकली. मला ते काही पटलं नाही, माती आमच्याकडं होतीच. पण एवढे धिप्पाड गडी, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघेना... ते बघून मला पहिल्यांदा कळलं की हे खरं आहे. सोंग नाही. आणि त्याच रांगेच्या मागून मला ऐकू आलं, "पिंपळीच्या पोरानं आवळला. सोडलाच न्हाय म्हणं." किरण लांब, बाभळीखाली उभा होता. त्यालाही ऐकू गेलं असणार. मी काही बोलले नाही.

तेराव्यापर्यंत ही कुजबुज घरात येत राहिली. येणारा प्रत्येक जण बसला की दोन वाक्यांनी किरणवर यायचा. मी ऐकत राहिले. मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती सांगत नव्हते.

पाचव्या आठवड्यात किरणच्या आईचा निरोप आला, पोरगं जेवत नाही, बोलत नाही, एकदा येऊन जा. मी एसटीनं इंदापूरला, तिथून बारामतीला, तिथून पिंपळीला गेले. किरण गोठ्यात बसला होता. गाल आत गेलेले.

"आत्या, तुमी कशाला आला?"

"तुझं तोंड बघाय. सुतक आमाला, आन् दाढी तू वाढवलीस?"

तो हसला नाही. म्हणाला, "हाताला कळलं हुतं, आत्या. त्याचा पाय एकदम जड झाला. मला वाटलं, दत्तादादाचं नवीन ढोंग हाय. मी आजून घट्ट धरला."

"डागदर काय म्हणाला, ठावं हाय ना?"

"सगळे तेच सांगत्यात. माजं समाधान करायला."

"मी कवा कुणाचं समाधान केलंय?"

 मग मी त्याला सांगितलं. त्या सामन्याच्या तीन आठवडे आधी दत्ता मैदानावरून आला आणि ओसरीवर पसरला, छातीवर चाळण. पण 'मेलो' म्हणाला नाही. म्हणाला, "आत्ये, आज खरंच छातीत कसंतरी हुतंय." मी पीठ मळत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "च्याला ढोंग नगं करू, दूध न्हाय." तो म्हणाला, "न्हाय गं, घाम बघ." मी बघितला नाही. म्हटलं, "मग जा डागदरकडं, सुई टोचून घे." सुईचं नाव काढल्यावर तो हसला. थोडा वेळ तसाच पडून राहिला, मग उठून चाळण खुंटीला लावली आणि घरात गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. मीही नाही.

 किरण म्हणाला, "तुमी हे कुणाला सांगितलं न्हाय?"

"न्हाय. लोक तुला बोलत हुते तवा बी न्हाय. तुला एक मिनिट हुतं, किरण. मला तीन आठवडे हुते."

त्याच्या आईनं भाकरी आणून ठेवली. त्यानं दोन खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत असं दाखवलं.

परत आले आणि सुनीताला सांगितलं. हे छापून यायच्या आधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. ती उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा आणून ठेवला, तोही न बोलता. तिचं बरोबर आहे. आता गावालाही सांगते आहे, म्हणून हे लिहिलं. किरणला कुणाला बोल लावायचा असेल तर आधी माझ्या ओसरीवर या.

मैदानाचे मात्र हाल झाले होते. पोरं फिरकत नव्हती. मातीला भेगा पडल्या, कडेनं हरळी आत शिरली. मागच्या रविवारी सकाळी किरण आला. दाढी केलेली होती. ओसरीवर येऊन नेमका दत्ता पसरायचा त्या फरशीवर बसला. त्याला ते माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही आणि उठवलंही नाही. त्यानं खुंटीकडं बघितलं. दत्ताच्या हातानं लावल्यापासून चाळण तशीच होती. जाळीच्या भोकांत माती वाळून बसलेली.

"धुऊ का, आत्या?"

"धुवायची कशाला? पुन्हा भरणारच हाय."

तो चाळण घेऊन माळावर गेला. दुपारपर्यंत मला इथं घरात ऐकू येत होतं, चाळण हातावर आपटल्याचं. खडा बाजूला, माती खाली. थोड्या वेळानं आणखी दोन-तीन जणांचे आवाज आले. मी गेले नाही बघायला. गहू निवडत बसले.

त्या चढाईला पिंपळीच्या अर्ध्या मैदानात दत्ता धरून सहा खेळाडू होते. पाच जिवंत आहेत. किरण त्यांतला एक.