तेरा साती एक्क्याण्णव

ताईला बघायला नागपूरची मंडळी येणार म्हटल्यावर आईने आमच्या बरखेड्याच्या क्वार्टरचे पडदे धुतले, पंखे पुसले आणि आम्हा दोघी बहिणींना बजावलं, "हिंदी मधे मधे घुसडू नका." आता भोपाळमध्ये वाढलेल्या मुलींना हे सांगणं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहा म्हणण्यासारखं. आमच्या मराठीला हिंदीची फोडणी असायचीच, आणि आईच्याही होती, फक्त तिला ती ऐकू यायची नाही.

ताई गणितात एम.एस्सी. करत होती. ही आवड बाबांकडून आली. बाबा कारखान्यात दातेरी चाकं कापायच्या विभागात होते. दोन चाकं एकमेकांत फिरतात तेव्हा एकाच्या दातांचा आकडा मूळ संख्या असलेला बरा, म्हणजे तेच ते दात सारखे एकमेकांवर घासत नाहीत आणि झीज सगळ्यांत वाटली जाते, हे त्यांनी आम्हाला जेवताना पोळीचे तुकडे मांडून समजावलं होतं. त्यामुळे आमच्याकडे बाकीची माणसं रस्त्यात ओळखीचे चेहरे शोधायची तेव्हा हे दोघं स्कूटरच्या नंबरप्लेटा वाचत चालायचे. हा मूळ की संयुक्त? मला या खेळाचा भयंकर कंटाळा यायचा. पण नियम कानावर पडून पाठ झाला होता. शंभराच्या आतला आकडा असेल तर दोन, तीन, पाच आणि सात यांनी भागून बघायचं. एकानेही भाग गेला नाही तर तो मूळ. पुढे तपासायची गरज नाही, कारण दहा दाहे शंभर, तिथे गोष्ट संपते.

मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि वडील. मुलगा इंजिनिअर, एका सरकारी कारखान्यातच नोकरीला. वडील नागपूरच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. आईने नागपुरी तर्री-पोह्यांचा बेत केला होता आणि बाबांनी भोपाळच्या रिवाजाप्रमाणे सोबत जिलेबी आणली होती. पोह्यांबरोबर जिलेबी बघून मुलाची आई जरा चकित झाली, पण खाल्ली तिने बऱ्यापैकी.

मुलगी बघायला आलेले लोक कुठे गाणं म्हणायला लावतात, कुठे चालून दाखव म्हणतात. गुरुजींनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बेटा, ऐंशी ते शंभरमधल्या मूळ संख्या सांग बरं."

मला हसू आवरेना. म्हणजे मांजराला विचारावं, दूध पितेस का. ताईने शांतपणे सांगितलं, "त्र्याऐंशी, एकोणनव्वद, सत्त्याण्णव."

"एक सुटली," गुरुजी म्हणाले. "एक्क्याण्णव."

गुरुजींची ही चूक तशी आपल्या लोकांची खास. आपण पाढ्यांवर वाढलेले. कुठलाही आकडा समोर आला की तो कुठल्या पाढ्यात ऐकला हे आधी आठवतो. सातचा पाढा सत्तरवर थांबतो, म्हणून एक्क्याण्णव त्यात सापडत नाही, आणि तेराच्या पाढ्याकडे जायचं कुणाला सुचत नाही. भागून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. गुरुजींनी बहुतेक आयुष्यात तो आकडा कधी भागून बघितलाच नव्हता, नुसत्या तोंडावळ्यावरून मूळ ठरवला होता.

आई ताईकडे असं बघत होती की त्याचा अर्थ शेजारच्यालाही कळावा: हो म्हण आणि मोकळी हो. बाबा पंख्याकडे बघत होते. त्यांना उत्तर माहीत होतं, तो आकडा त्यांच्या रोजच्या हाताखालचा. आणि मी मुलासमोर बसले होते म्हणून मला दिसलं, त्याचे ओठ किंचित हलले, बोटांनी मांडीवर काहीतरी मोजलं, आणि मग तो खाली मान घालून पोहे खाऊ लागला.

"नाही काका," ताई म्हणाली, "तेरा साती एक्क्याण्णव."

गुरुजी "हं" म्हणाले. मग त्यांनी भोपाळला येणाऱ्या गाड्या किती उशिरा धावतात यावर बराच वेळ भाषण दिलं.

मोठ्यांनी मुलामुलीला बोलायला मागच्या अंगणात पाठवलं आणि मला शेपूट म्हणून मागे लावून दिलं. खरं सांगायचं तर मुलगा छान होता. हसरा, आढ्यता नाही. ताईला पुढे पीएच.डी. करायची आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "अवश्य करा." ताई खुलून बोलत होती. तिला तो आवडला होता. हे मला तिने सांगायची गरज नव्हती, कुणी आवडल्याशिवाय ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत नसे.

मग तिने विचारलं, "एक्क्याण्णवचं तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"हो, कळलं होतं," तो हसून म्हणाला. "पण बाबांपुढे कोण बोलणार? आमच्याकडे तशी पद्धत नाही."

"आणि त्यांनी मलाच चूक ठरवलं असतं तर?"

"तर मग बघितलं असतं काहीतरी."

ताईने वेणी मागे टाकून दिली.

"कळवतो" म्हणून मंडळी गेली आणि आईचा बांध फुटला. "एवढा एक आकडा गिळला असता तर काय बिघडलं असतं? सोन्यासारखं स्थळ!" पुढचे काही दिवस घरात भांड्यांचेच आवाज जास्त होते. मला ताईची दया येत होती आणि आईचाही राग येत नव्हता. भोपाळमध्ये राहून मराठी स्थळं शोधणं किती कठीण, ते आम्ही बघत होतो.

आमच्याकडे फोन नव्हता. एका संध्याकाळी शेजारच्या भाभीजींनी मेंदीच्या कुंपणावरून हाक मारली, "भाईसाहब, जल्दी आइए, नागपुर से फ़ोन है!" बाबा धावत गेले आणि हसत परत आले. खुद्द गुरुजी बोलत होते. परतीच्या गाडीत त्यांनी तो आकडा भागून बघितला म्हणे. "पोरीने मला या वयात तेराचा पाढा शिकवला. अशीच सून पाहिजे. आमचा होकार समजा."

आईने देवापुढे साखर ठेवली. मला रडायलाच आलं, इतकं हलकं वाटलं.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "सासरे मला पसंत आहेत आई. नवरा नाही."

"म्हणजे?"

"त्याला उत्तर येत होतं. तो गप्प बसला. आज आकडा होता म्हणून मी एकटी पुरले. उद्या दुसरं काही असेल."

"अगं, काही घरांत मोठ्यांपुढे बोलत नाहीत," आई म्हणाली. "म्हणून काय संसार होत नाहीत? तुझे बाबा तरी कुठे बोलले? मला इथल्या शाळेत नोकरी लागली होती. आजोबा म्हणाले, सुनेने बाहेर जायचं नाही. आणि हे..."

आई थांबली. आपलं आपल्यालाच ऐकू आल्यासारखी ती पाटावर बसली.

"हे तिथेच खुर्चीत बसले होते," ती हळू म्हणाली.

बाबांनी ते नाकारलं नाही. नोकरीची ही गोष्ट आम्ही दोघी पहिल्यांदाच ऐकत होतो. गॅसवर दूध उतू गेलं, तेव्हा आईने उठून तो बंद केला आणि ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "अहो, भाभीजींकडे जा. नागपूरला फोन लावा. नाही म्हणून सांगा."

"कारण काय सांगू?"

"आहे ते. आणि गुरुजींनाच सांगा."

मी त्यांच्या मागोमाग गेले. नंबर लागायला वेळ लागला. बाबा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते, साहेबांसमोर उभे राहत तसे. पलीकडून आवाज आला. बाबांनी घसा खाकरला.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमच्या मुलाला उत्तर येत होतं. मलाही येत होतं. आम्ही दोघंही बोललो नाही."